ह्यूज, लँग्स्टन : कागदपत्रे, प्रवास व मैत्री

ह्यूज, लँग्स्टन : (१ फेब्रुवारी १९०१–२२ मे १९६७). आफ्रिकी-अमेरिकन कवी, कथा-कादंबरीकार, नाटककार, स्तंभलेखक व अनुवादक. संपूर्ण नाव जेम्स मर्सर लँग्स्टन ह्यूज. जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात, जॉप्लिन येथे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात न्यूयॉर्क शहरातील हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीयांच्या साहित्याला, संगीताला व कलांना जो बहर आला, तो ‘हार्लेम प्रबोधन’ या नावाने ओळखला जातो. त्यातील अग्रगण्य लेखकांत ह्यूजची गणना होते. प्रस्तुत नोंदीत त्याच्या साहित्यकृतींच्या समीक्षेपेक्षा त्याने आयुष्यभर जपलेली कागदपत्रे, त्याचे परदेशप्रवास आणि त्याने जोडलेली माणसे यांचा विचार केला आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रवासातून मैत्री जुळली, मैत्रीतून दीर्घ पत्रव्यवहार निर्माण झाला आणि हा पत्रव्यवहार मित्रांच्याच आग्रहामुळे सुरक्षित राहिला. ज्या समाजाची कागदपत्रे राखून ठेवावीत असे देशातील बहुतेक संस्थांना वाटत नव्हते, त्या समाजाच्या इतिहासाचे एक मोठे साधन त्यामुळे उपलब्ध झाले.

पार्श्वभूमी : कागदाच्या एखाद्या तुकड्यावर इतिहास कसा अवलंबून असतो, याचे उदाहरण ह्यूजच्या जन्मवर्षातच मिळते. ते १९०२ असल्याचे तो स्वतः सांगत असे आणि चरित्रग्रंथांतूनही तेच नोंदले जात होते. तथापि कॅन्झस राज्यातील जुन्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत त्याच्या बालपणाविषयी आलेल्या किरकोळ नोंदी २०१८ मध्ये उजेडात आल्या आणि तो १९०१ मध्ये जन्मला असावा, हे मत आता सामान्यतः मान्य झाले आहे.

आईवडील विभक्त झाल्याने त्याचे बालपण मुख्यतः कॅन्झसमधील लॉरेन्स येथे, आजी मेरी लँग्स्टन हिच्याजवळ गेले. तिचा पहिला पती ल्युइस शेरिडन लीरी हा गुलामगिरीविरुद्ध जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरी येथे १८५९ मध्ये घातलेल्या छाप्यात मारला गेला होता. दुसरा पती चार्ल्स लँग्स्टन हाही गुलामगिरी निर्मूलनाचा कार्यकर्ता होता. त्याचा भाऊ जॉन मर्सर लँग्स्टन व्हर्जिनियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला होता. आजी नातवाला या पूर्वजांच्या कथा सांगे. घराण्याचा हा वारसा शालेय पाठ्यपुस्तकांत नव्हता. तो तिच्या स्मरणात होता. १९१५ मध्ये ती वारली. जपून ठेवले नाही तर काय नाहीसे होते, याची जाणीव ह्यूजला अशा रीतीने लहानपणीच झाली असावी.

प्रारंभीचे प्रवास : ह्यूजचे वडील अमेरिकेतील वर्णभेदाला कंटाळून मेक्सिकोत स्थायिक झाले होते. त्यांच्याकडे जात असता १९२० मध्ये सेंट लुइसजवळ मिसिसिपी नदी ओलांडताना आगगाडीत त्याने ‘द नीग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ ही कविता लिहिली. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या संपादनाखालील द क्रायसिस या मासिकात ती जून १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वडिलांच्या इच्छेनुसार तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. परंतु एका वर्षातच त्याने ते सोडले. मेक्सिकोत आत्मसात केलेली स्पॅनिश भाषा मात्र पुढे त्याला जन्मभर उपयोगी पडली.

१९२३ मध्ये एका मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी धरून तो पश्चिम आफ्रिकेला निघाला. न्यूयॉर्कचा किनारा मागे पडताच त्याने आपली जवळजवळ सर्व पुस्तके समुद्रात फेकून दिली, असे त्याने द बिग सी (१९४०) या आत्मवृत्तात सांगितले आहे. पुढे कागदाचा कपटाही न टाकणाऱ्या या लेखकाच्या जीवनातील ही घटना लक्षणीय म्हणावी लागेल. सेनेगलपासून अंगोलापर्यंतची अनेक बंदरे त्याने पाहिली. पूर्वजांच्या भूमीत आपल्याला आपलेपणाने स्वीकारले जाईल, ही त्याची अपेक्षा होती. परंतु त्याच्या तपकिरी वर्णामुळे व केसांमुळे तेथील लोकांनी त्याला गोऱ्यांतच जमा धरले. अमेरिकेत ‘काळा’ आणि आफ्रिकेत ‘गोरा’ ठरण्याच्या या अनुभवाने वंश ही कल्पना किती प्रमाणात समाजनिर्मित असते, याची त्याला जाण आली.

१९२४ मध्ये तो पॅरिसला गेला आणि माँमार्त्र भागातील ‘ल ग्रां द्यूक’ या रात्रक्लबाच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्याचे काम त्याने केले. इटलीच्या प्रवासात त्याचे पारपत्र व पैसे चोरीस गेल्याने त्याला जेनोआ बंदरात काही आठवडे विपन्नावस्थेत काढावे लागले. अमेरिकेकडे जाणारी जहाजे गोऱ्या खलाशांना घेत, त्याला नाकारीत. अखेरीस कृष्णवर्णीय खलाशी असलेल्या एका जहाजाने त्याला आश्रय दिला व १९२४ च्या अखेरीस तो मायदेशी परतला.

कॅरिबियन, सोव्हिएट रशिया व स्पेन : १९३० मध्ये ह्यूज क्यूबाला गेला. तेथे निकोलास गियेन या तरुण कवीने त्याची मुलाखत घेऊन ती प्रसिद्ध केली. ब्लूज या कृष्णवर्णीय लोकगीतप्रकाराची लय ह्यूजने इंग्रजी कवितेत आणली होती. क्यूबातील ‘सोन’ या लोकसंगीताच्या आधारे गियेनने लिहिलेल्या कविता याच वर्षी प्रसिद्ध झाल्या. त्यांमागे ह्यूजच्या भेटीची प्रेरणा कितपत होती, याविषयी अभ्यासकांत चर्चा असली, तरी दोघांची मैत्री मात्र निर्विवाद होती. १९४८ मध्ये बेन कॅरुथर्स याच्या सहकार्याने ह्यूजने गियेनच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद क्यूबा लिब्रे या नावाने प्रसिद्ध केला. १९३१ च्या हैती भेटीत झाक रूमँ या लेखकाशी त्याचा परिचय झाला. १९३४ मध्ये रूमँला कारावास झाला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी ह्यूजने अमेरिकेत जाहीर आवाहन केले. रूमँच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा त्याने मर्सर कुक याच्यासह केलेला इंग्रजी अनुवाद १९४७ मध्ये बाहेर पडला. ह्यूजचे परदेशी मित्र अशा रीतीने त्याच्या अनुवादकार्याचे विषय झाले.

जून १९३२ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनावर काढावयाच्या एका चित्रपटासाठी २२ आफ्रिकी-अमेरिकन तरुण-तरुणींचा एक गट मॉस्कोला गेला. गटाची संघटक लुईझ टॉमसन ही होती. ह्यूजला पटकथा पाहताच ती अमेरिकेतील वास्तवाशी विसंगत असल्याचे आढळले. चित्रपट पुढे रद्दच झाला. अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळावेत म्हणून सोव्हिएट शासनाने तो सोडून दिला, असा आरोप गटातील काहींनी केला. ह्यूज मात्र मागे राहून मध्य आशियात हिंडला. आश्काबाद येथे आर्थर कोसलर या लेखकाशी त्याची गाठ पडली व दोघांनी काही काळ बरोबर प्रवास केला. झारशाहीत ताश्कंदच्या ट्राममध्ये स्थानिक लोकांसाठी वेगळी जागा असे, ती प्रथा क्रांतीनंतर नाहीशी झाली, ही गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळ्या डब्यांतून प्रवास केलेल्या ह्यूजला अतिशय महत्त्वाची वाटली. तेथील दडपशाहीची चिन्हे कोसलरला अस्वस्थ करीत होती. ह्यूजच्या लेखनात त्यांना फारसे स्थान मिळाले नाही. त्याची ही दृष्टी एकांगी होती, हे मान्य करावे लागते. तथापि ती कोणत्या अनुभवातून घडली, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. १९३३ मध्ये तो चीन व जपानमार्गे परतला. टोकिओत पोलिसांनी चौकशी करून त्याला देश सोडण्यास सांगितले.

१९३४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर तो पुन्हा मेक्सिकोत गेला. तेथे आंरी कार्त्ये-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार काही काळ त्याच्यासह एकाच घरात राहत होता. १९३७ मध्ये बॉल्टिमोर आफ्रो-अमेरिकन या वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून तो यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनमध्ये गेला. पॅरिसहून बार्सेलोना व व्हॅलेन्सियापर्यंतच्या प्रवासात गियेन त्याच्या सोबत होता. माद्रिदमध्ये तो फॅसिझमविरोधी बुद्धिजीवींच्या निवासस्थानी, राफाएल आल्बेर्ती व मारिया तेरेसा लेओन या लेखक दांपत्याच्या सहवासात राहिला. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन कृष्णवर्णीय स्वयंसेवकांविषयी त्याने वार्तापत्रे लिहिली. फ्रँकोच्या सैन्यात भरती केलेल्या मोरोक्कन सैनिकांनाही तो विसरला नाही. स्वतः पारतंत्र्यात असलेले लोक दुसऱ्यांचे स्वातंत्र्य हिरावण्यासाठी वापरले जात आहेत, ही विसंगती त्याने वाचकांसमोर ठेवली. याच काळात त्याने फेदेरीको गार्सीआ लॉर्का याच्या कवितांच्या अनुवादास हात घातला. ते अनुवाद १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आले.

मैत्री : कार्ल व्हॅन व्हेक्टेन हा गोरा कादंबरीकार, संगीतसमीक्षक व छायाचित्रकार ह्यूजला १९२४ मध्ये भेटला. त्याच्याच प्रयत्नाने द वीअरी ब्लूज (१९२६) हा ह्यूजचा पहिला काव्यसंग्रह क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याच वर्षी व्हॅन व्हेक्टेनने हार्लेमवर लिहिलेल्या कादंबरीच्या अवमानकारक शीर्षकामुळे कृष्णवर्णीय समाजात संताप उसळला. ह्यूजने मित्राची बाजू घेतली. कादंबरीत अनुमतीविना वापरलेल्या एका गीतामुळे कायदेशीर अडचण उद्‌भवली, तेव्हा त्या जागी घालण्यासाठी त्याने नवी पद्ये लिहून दिली. ही मैत्री १९६४ मध्ये व्हॅन व्हेक्टेनच्या मृत्यूपर्यंत टिकली. कवी व ग्रंथपाल आर्ना बाँटेम याच्याशीही त्याचा स्नेह १९२४ पासूनचा होता. दोघांत इतके साम्य होते, की भेट होण्यापूर्वीच बाँटेमला लोक ह्यूज समजले होते. पोपो अँड फिफिना (१९३२) ही हैतीतील मुलांची कथा आणि द पोएट्री ऑफ द नीग्रो (१९४९) हा काव्यसंकलनग्रंथ ही त्यांच्या सहकार्याची फळे होत.

सर्वच संबंध असे टिकले नाहीत. शार्लट ऑस्गुड मेसन या वृद्ध, धनाढ्य आश्रयदातीने त्याला १९२७ पासून मासिक वेतन दिले. मात्र त्याने काय लिहावे व कसे वागावे, यावरही तिने हक्क सांगितला. १९३० मध्ये हे संबंध तुटले. लेखिका व लोकसाहित्याची अभ्यासक झोरा नील हर्स्टन हिच्यासह त्याने १९२७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतील राज्यांत मोटारीने प्रवास केला होता. दोघांनी मिळून म्यूल बोन हे नाटक लिहावयास घेतले. परंतु त्याच्या कर्तृत्वावरून १९३१ मध्ये बेबनाव होऊन त्यांची मैत्री संपली. हे नाटक रंगभूमीवर आले ते १९९१ मध्ये, म्हणजे दोघांच्याही मृत्यूनंतर. त्याच वर्षी संबंधित पत्रांसह त्याची संहिता प्रसिद्ध झाल्याने या वादातील दोन्ही बाजू वाचकांना पाहता आल्या.

संग्रहाची उभारणी : कवी, कादंबरीकार व मुत्सद्दी जेम्स वेल्डन जॉन्सन १९३८ मध्ये अपघातात मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ व्हॅन व्हेक्टेनने १९४१ मध्ये येल विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या कला व साहित्याचा संग्रह स्थापन केला. आपली व मित्रांची कागदपत्रे त्याला देण्याविषयी त्याने अनेकांच्या मागे लकडा लावला. ह्यूजने हे आवाहन मनापासून स्वीकारले. तेव्हापासून मृत्यूपर्यंत तो हस्तलिखिते, टंकलिखिते, आलेली पत्रे, पाठविलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती, कात्रणे, कार्यक्रमपत्रिका व छायाचित्रे येलकडे पाठवीत राहिला. आयुष्यातील अखेरची सु. वीस वर्षे तो हार्लेममधील पूर्व १२७ व्या रस्त्यावरील घरात राहिला. तेथून पेट्या भरून जात. एकेका कवितेचे अनेक मसुदे त्यामुळे उपलब्ध झाले. त्याच्या मृत्यूनंतर उरलेले दफ्तरही तेथेच गेले. येलच्या बायनेकी दुर्मिळ ग्रंथालयात (स्थापना १९६३) हा संग्रह आज शेकडो पेट्यांत ठेवलेला आहे.

हा संग्रह प्रामुख्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात का ठेवला, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. व्हॅन व्हेक्टेनची त्यामागे एक निश्चित योजना होती. आपला संगीतविषयक संग्रह त्याने टेनेसी राज्यातील फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला दिला. त्यामुळे गोऱ्या अभ्यासकांना फिस्कमध्ये आणि कृष्णवर्णीय अभ्यासकांना येलमध्ये जावे लागेल व वर्णभेदाची भिंत अभ्यासाच्या निमित्ताने तरी ओलांडली जाईल, असा त्याचा विचार होता. फिस्कच्या ग्रंथालयाची धुरा १९४३ पासून बाँटेमकडेच होती. चार्ल्स चेस्नट, जीन टूमर इ. लेखकांची कागदपत्रे त्याच्या काळात तेथे आली. टूमरची नंतर येलकडे गेली. खुद्द हार्लेममध्ये आर्तुरो शॉम्बर्ग याने जमविलेला ग्रंथसंग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने १९२६ मध्येच घेतला होता. एका पिढीतील मित्रांनी आपल्या समाजाची स्मृती जाणीवपूर्वक जतन करण्याचा हा प्रयत्न होता.

हा प्रयत्न झाला नसता तर काय घडले असते, हे हर्स्टनच्या उदाहरणावरून कळते. १९६० मध्ये ती फ्लॉरिडातील फोर्ट पिअर्स येथे दारिद्र्यात मरण पावली. तिचे सामान आवरताना कागदपत्रे जाळली जात होती. तिला ओळखणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याने तेथून जाताना ते पाहिले व पाणी मारून आग विझविली. कडा जळालेले हे कागद आता फ्लॉरिडा विद्यापीठात आहेत. एकाच मोटारीतून दक्षिणेत हिंडलेल्या दोन लेखकांपैकी एकाची कागदपत्रे पेट्यांत क्रमवार लावलेली, तर दुसरीची योगायोगाने वाचलेली, हा फरक केवळ स्वभावाचा नाही. मागे उभ्या असलेल्या मित्रांचा व संस्थांचाही तो फरक आहे.

चौकशी व मौन : ह्यूजच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग १९५३ चा. परदेशांतील अमेरिकन माहिती केंद्रांच्या ग्रंथालयांत साम्यवादी लेखकांची पुस्तके असल्याच्या आरोपावरून सिनेटर जोसेफ मॅकार्थी याच्या उपसमितीने त्याला पाचारण केले. मार्चमध्ये प्रथम बंद दाराआड व नंतर २६ मार्च रोजी जाहीरपणे त्याची साक्ष झाली. आपण साम्यवादी पक्षाचे सभासद कधीच नव्हतो, असे त्याने सांगितले. आपल्या पूर्वीच्या जहाल लेखनापासून त्याने स्वतःला दूर केले. परंतु इतर कोणाची नावे सांगितली नाहीत. गुप्त साक्षीचा वृत्तांत २००३ मध्ये खुला करण्यात आला.

या प्रसंगाची छाया त्याच्या प्रकाशित लेखनावर पडली. फेमस अमेरिकन नीग्रोज (१९५४) या किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात डुबॉइस यांचा समावेश नाही. ज्यांच्या मासिकाने त्याची कविता प्रथम देशभर पोहोचविली, त्यांचेच नाव वगळले गेले. त्याने स्वतः निवडलेल्या सिलेक्टेड पोएम्स (१९५९) या संग्रहातही चौथ्या दशकातील बहुतेक राजकीय कविता नाहीत. मात्र छापील पुस्तकांतून जे वगळले, ते त्याने नष्ट केले नाही. ज्या काळात जुने कागद हाच पुरावा ठरत होता, त्या काळातही तो येलकडे पेट्या पाठवीतच राहिला. प्रकाशित ग्रंथांतील ह्यूज सावध आहे. पेट्यांतील ह्यूज अधिक पूर्ण आहे. त्याच्या भ्याडपणाचे वा धैर्याचे मोजमाप करताना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे न्याय्य ठरेल.

आफ्रिकेशी नवे संबंध : जीवनाच्या उत्तरार्धात त्याचे लक्ष पुन्हा आफ्रिकेकडे वळले. दक्षिण आफ्रिकेतील ड्रम या मासिकाच्या कथास्पर्धेचा परीक्षक झाल्यापासून एझिकिएल म्फाहलेले, ब्लोक मोडिसाने, रिचर्ड राइव्ह इ. तरुण लेखकांशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुस्तके पाठविणे, प्रकाशक सुचविणे, धीर देणे ही कामे त्याने वर्षानुवर्षे केली. त्यांचे लेखन समाविष्ट असलेल्या ॲन आफ्रिकन ट्रेझरी (१९६०) या संकलनावर दक्षिण आफ्रिकेत बंदी घालण्यात आली. १९६० मध्ये न्नाम्दी अझिकिवे नायजेरियाचे गव्हर्नर-जनरल झाले, त्या समारंभास तो निमंत्रणावरून उपस्थित होता. दोघेही पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते. १९६२ मध्ये कंपाला येथील आफ्रिकी लेखक परिषदेत आणि १९६६ मध्ये डाकार येथील जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सवातही त्याने भाग घेतला. १९२३ मध्ये ज्या खंडात त्याला परका मानले गेले, तेथील नव्या पिढीने त्याला वडीलधाऱ्या लेखकाचा मान दिला.

महत्त्व : ह्यूजच्या मृत्यूनंतर या संग्रहाचे मोल प्रकट होत गेले. त्याचे वगळले गेलेले राजकीय लेखन गुड मॉर्निंग रेव्होल्यूशन (१९७३) या संकलनात एकत्र आले. बाँटेमशी झालेला निवडक पत्रव्यवहार १९८० मध्ये, व्हॅन व्हेक्टेनशी झालेला २००१ मध्ये, ड्रमच्या लेखकांशी झालेला २०१० मध्ये आणि लुईझ टॉमसन व तिच्या निकटवर्तीयांना लिहिलेली पत्रे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्नल्ड रॅम्परसॅड याने लिहिलेले ह्यूजचे द्विखंडात्मक चरित्र (१९८६, १९८८) मुख्यतः याच साधनसामग्रीवर आधारलेले आहे. त्याच्या सहसंपादनाखालील समग्र कवितासंग्रह (१९९४) निघाल्यावर, ह्यूजने स्वतः बाजूला ठेवलेल्या कविताही वाचकांपुढे आल्या. संग्रहाला मर्यादाही आहेत. हजारो पत्रे मागे ठेवूनही ह्यूजने आपल्या खाजगी भावजीवनावर पडदा राखला व त्याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. जे लिहिलेच नाही, ते कोणताही संग्रह सांगू शकत नाही.

ह्यूज न्यूयॉर्क येथे शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने मरण पावला. १९९१ मध्ये त्याच्या अस्थी हार्लेममधील शॉम्बर्ग संशोधन केंद्राच्या दालनात, नद्यांविषयीच्या त्याच्या पहिल्या प्रसिद्ध कवितेवरून कल्पिलेल्या एका वर्तुळाकृती शिल्पाखाली ठेवण्यात आल्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची साधने जेथे जपली जातात, तेथेच त्याचे स्मारक आहे.